हात बसेपर्यंत

बसा. घाई नाही.

खुर्ची असेल तर खुर्चीवर, नाहीतर जमिनीवर भिंतीला टेकून. पाठ सरळ, पण ताठ नको.

दोन्ही तळहात समोर टेबलावर ठेवा. टेबल नसेल तर मांड्यांवर. बोटं सैल सोडा.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

आता नुसतं तळहातांकडे लक्ष असू द्या. डाव्यावर किती भार आहे, उजव्यावर किती? मोजू नका. जाणवेल तेवढं पुरे.

धावत्या कारचं एक चाक रस्त्याला जिथे टेकतं, ती जागा साधारण एवढीच असते. एका तळहाताएवढी.

चार चाकं, चार तळहात. बाकी सगळी गाडी, तिचं इंजिन, तिचा पत्रा, आत बसलेलं माणूस, या चार जागांच्या भरवशावर असते.

इथेच थांबा जरा. आज आपल्याला एवढंच पाहायचं आहे. टेकलेला तळहात, आणि त्याच्याकडे कान लावून बसलेलं माणूस.

चाकणला या.

पाळी बदलायची वेळ आहे. तळेगाव–चाकण रस्त्यावर कंटेनर एकामागे एक उभे आहेत. आंबेठाण चौकात कंपन्यांच्या बस माणसं उतरवतायत. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, डोळ्यांत अजून झोप. लांब कुठेतरी प्रेसचा ठोका पडतोय. फोर्कलिफ्ट मागे येताना वाजतेय.

आवाज येऊ द्या. जाऊ द्या.

खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे. फोक्सवॅगनचा कारखाना इथे 2009 पासून आहे. महिंद्रा आहे, बजाज आहे, मर्सिडीज आहे. इंद्रायणी ओलांडून खाली उतरलं की भोसरी, आणि पुढे पिंपरीत टाटा. या पट्ट्यात घरटी कुणीतरी गाडीच्या एखाद्या भागाला हात लावून आलेलं असतं.

त्यातल्या एका नव्या गाडीपाशी थांबू.

लाइनवरून आत्ताच उतरलीय. सीटवर प्लास्टिक आहे. रबराचा, रंगाचा, नव्या कापडाचा वास.

टेस्ट ड्रायव्हर आत बसतो. सीट पुढे घेतो. आरसा वळवतो. एसी बंद, रेडिओ बंद, काचा वर.

कारखान्याच्या आवारातलाच छोटा ट्रॅक. आधी गुळगुळीत तुकडा, मग खडबडीत, मग उंचवटे. तो ऐकतो. डॅशबोर्डमध्ये काही वाजतंय का? ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते का? वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग सैल सोडलं तर आपसूक सरळ होतं का?

एक फेरी. उतरतो. पुढची गाडी.

मॉडेल तेच, लाइन तीच. तरी तो पुन्हा पहिल्यापासून ऐकतो. मागच्या गाडीची सवय या गाडीवर लादत नाही. लादली, तर या गाडीतलं काही त्याला ऐकूच येणार नाही.

त्याच्यासोबत एक श्वास घ्या.

या माणसाचं नाव कुठल्याही निकालात येत नाही. मला मात्र मनापासून वाटतं, शर्यतीच्या जगात ज्या गुणासाठी ड्रायव्हरला कोट्यवधी मोजतात, तो गुण इथे रोजच्या पाळीत, साध्या निळ्या गणवेशात, शांतपणे काम करत असतो.

आता पुन्हा तळहातांकडे.

हळूहळू पुढे झुका. अजून थोडं. टेबलावरचे तळहात दाबले गेले का? कमरेखालचा भार थोडा हलका झाला का?

ब्रेक लागला की गाडीचं वजन असंच पुढे येतं. पुढची दोन चाकं जड, मागची दोन हलकी.

सावकाश मागे या. आता उजवीकडे कला.

उजवा तळहात दबला. डावा सुटत चालला. गाडी डावीकडे वळते तेव्हा हेच होतं, भार बाहेरच्या बाजूला, उजव्या चाकांवर जातो.

तिथेच राहा. दबलेल्या तळहातात पकड आहे. सुटत चाललेल्यात ती कमी होतेय. आणि दबलेल्याच्या पकडीलाही कुठेतरी शेवट आहे.

त्या शेवटाच्या अगदी अलीकडे शर्यत असते.

पुढची चाकं आधी सुटली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. बाहेर बाहेर जाते. शर्यतवाले याला अंडरस्टिअर म्हणतात. मागची आधी सुटली, तर गाडीची शेपटी बाहेर येते आणि गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते. ते ओव्हरस्टिअर.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघंही तयार, दोघंही धीट.

एकाला पुढची चाकं अशी हवीत, की मनात आलं आणि गाडी वळली. मागचा भाग थोडा हलला तरी त्याचा श्वास बदलत नाही.

दुसऱ्याला मागचा भाग रस्त्याला चिकटलेला हवा. तो भरवसा असला की तो वळणात वेग सोडत नाही. भरवसा नसला की त्याचा हात थांबतो. डोळ्याची पापणी लवेल, त्याहूनही कमी वेळ.

तेवढाच वेळ. प्रत्येक वळणाला तेवढाच.

फेरी संपते तेव्हा तो वेळ साठलेला असतो, आणि आपण निकालाचा कागद पाहून म्हणतो, दुसरा हळू आहे.

असं म्हणण्याआधी थांबा. एक श्वास.

2010 साली फोक्सवॅगनने भारतात पोलो कप सुरू केला. या शर्यतीत सगळ्यांना एकच गाडी. 1.6 लिटरचं डिझेल इंजिन, पुढच्या चाकांना ताकद. गाड्या कंपनीच तयार करून देणार, कंपनीच सांभाळणार. ड्रायव्हरने हेल्मेट घेऊन यायचं आणि बसायचं.

म्हणजे आपल्या पाहण्यासाठी नेमकी जागा. यंत्र तेच. फरक फक्त माणसाचा.

चेन्नईजवळच्या ट्रॅकवर अशी एक गाडी वळणात शिरते. तिच्याकडे पाहा.

पुढच्या दोन चाकांवर सगळा बोजा आहे. ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच, थांबवायचं कामही बरंचसं त्यांचंच. मागचं आतलं चाक रस्त्यापासून उचललं गेलंय. हवेत आहे. तीनच तळहात टेकलेले.

आत बसलेला नवखा असेल तर त्याला वाटतं, अजून स्टिअरिंग फिरवावं. तो फिरवतो. पुढची चाकं किंचाळतात, गाडी बाहेर सरकते.

मुरलेला असेल तर तो ॲक्सिलरेटरवरून पाय जरासा उचलतो. जरासाच. भार पुढे येतो, पुढची चाकं पुन्हा रस्ता धरतात, मागचा भाग हलकेच बाहेर झुलतो आणि गाडी आपणहून वळते. त्याने स्टिअरिंगला काहीच केलेलं नाही.

पाहत राहा. त्याने कमी केलं. गाडीने जास्त केलं.

पुढे गाडी बदलली. 2012 मध्ये पेट्रोल इंजिन आलं, 180 अश्वशक्तीचं. 2015 मध्ये पोलोच्या जागी व्हेंटो आली, जवळजवळ 4.4 मीटर लांब. 2017 मध्ये अमियो, 4 मीटरच्या आत आणि ताकद 205. नेहमीच्या रस्त्यावर धावणाऱ्या या तिन्ही गाड्या चाकणच्याच.

डिझेल खालच्या आवर्तनांत ओढ देतं, पेट्रोल वरच्या. आखूड गाडी चटकन वळते आणि चटकन बिथरते. लांब गाडी विचार करून वळते, पण एकदा बसली की बसते.

जो चालक पोलोत तयार झाला, त्याचा हात व्हेंटोत थोडा आधीच पुढे जातो. गाडी अजून आलेली नसते. त्याला थांबायला शिकावं लागतं. थांबायला शिकतो, तोवर अमियो येते, आणि आता ते थांबणंच जड होतं.

हाताला शिकवणं कठीण. शिकवलेलं हाताकडून काढून घेणं त्याहून कठीण.

तुमच्याही हाताला हे ठाऊक आहे.

आठवा. कधीतरी दुसऱ्याची मोटरसायकल घेतली होती. मित्राची, मेहुण्याची. क्लच सोडला आणि काहीच झालं नाही. अजून सोडला, काहीच नाही. अजून थोडा, आणि गाडी एकदम उडी मारून पुढे गेली. त्याचा क्लच शेवटाला धरत होता. तुमच्या गाडीचा सुरुवातीलाच धरतो.

चाकणला एका खोलीत राहणाऱ्या दोघांत पुष्कळदा एकच गाडी असते. सकाळच्या पाळीला एक नेतो, रात्रीच्या पाळीला दुसरा. एक जण ब्रेकचा लिव्हर घट्ट करून घेतो, दुसरा सैल. रोज थोडी भुणभुण. दोघांचंही बरोबर असतं.

त्या क्लचपाशी थांबा. तुमच्या बोटांत एक अपेक्षा होती. बोटं गाडीला विचारत नव्हती, सांगत होती.

आता विचारून बघा. डाव्या हाताची बोटं मिटा. फार हळू उघडा. गाडी कुठे धरते, याची वाट पाहत.

बोटं उघडत राहू द्या.

आता एका माणसाच्या मागे मागे जाऊ. सावकाश.

30 ऑक्टोबर 2011. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत. एचआरटी नावाच्या लहानशा संघाच्या दोन गाड्या. एकीत आपला नारायण कार्तिकेयन, पाठीशी टाटांचं नाव. दुसरीत डॅनिएल रिकार्डो, ऑस्ट्रेलियाचा, 22 वर्षांचा.

त्याच वर्षी जुलैत कार्तिकेयनची जागा रिकार्डोला दिली होती. घरच्या शर्यतीसाठी कार्तिकेयन परत आलाय. मधले महिने तो या गाडीतून शर्यत धावलेला नाही.

निकाल लागतो. कार्तिकेयन सतरावा. रिकार्डो अठरावा.

टाळ्या वाजू द्या. मग शांत होऊ द्या. आपण रिकार्डोच्या पावलाकडे पाहणार आहोत.

2014. आता तो रेड बुल संघात आहे. शेजारच्या गाडीत सेबॅस्टियन व्हेटेल, ओळीने चार वर्षांचा जगज्जेता. पण नियम बदललेत. नवं हायब्रिड इंजिन आलंय. पूर्वी एक्झॉस्टच्या वाऱ्याने गाडीचा मागचा भाग रस्त्याला दाबून ठेवता यायचा. ते गेलंय. व्हेटेलचा हात त्या दाबावर बसलेला होता.

गाडी मागून हलते. रिकार्डोला चालतं. वर्षअखेर त्याचे 238 गुण, व्हेटेलचे 167. रिकार्डोने तीन शर्यती जिंकलेल्या, व्हेटेलने एकही नाही.

चार जगज्जेतेपदं कुठे गेली नाहीत. माणूस तोच आहे. तळहाताखालची जागा बदललीय.

इथे थोडं बसून राहू.

2021. रिकार्डो आता मॅक्लारेनमध्ये. शेजारी लँडो नॉरिस, जो या संघातच मोठा झालाय.

तुमचं डावं पाऊल जमिनीवर टेकवा. शर्यतीच्या गाडीत ब्रेक बहुधा डाव्या पावलाने दाबतात.

पाऊल दाबा. घट्ट. आता सोडा, एकदम. रिकार्डोला हे आवडतं. सरळ रेषेत, अगदी उशिरा, जोरात ब्रेक. मग पाऊल मोकळं करायचं आणि वळणाच्या पोटातून वेग घेऊन वाहत जायचं.

पुन्हा दाबा. या वेळी सोडू नका. हळूहळू उचला, आणि उचलता उचलता अंग उजवीकडे कलवा. पाऊल सुटतंय, भार सरकतोय, दोन्ही एकाच वेळी. मॅक्लारेनला हे हवं असतं. वळणात खोलवर ब्रेक धरून ठेवायचा. वळणाच्या पोटात ती तेवढा वेग पेलत नाही.

दोन पावलं. दोन्हीत कौशल्य आहे. पण शर्यतीच्या वेगात कुठलं पाऊल टाकायचं हे डोकं ठरवत नाही. पाऊल ठरवतं.

रिकार्डोच्या डोक्याला सगळं कळत होतं. आलेखांवर नॉरिसची रेघ आणि त्याची रेघ एकाखाली एक मांडून दाखवलेली असायची. अमक्या मीटरला ब्रेक, तमक्या मीटरला सुटका. कळणं आणि वळणं यांत किती अंतर असतं, ते त्याच्या त्या दोन वर्षांत पाहायला मिळतं.

त्या वर्षी नॉरिसचे 160 गुण, रिकार्डोचे 115. पुढच्या वर्षी 122 आणि 37.

मधे एक दिवस मात्र वेगळा. 12 सप्टेंबर 2021, मोंझा. लांब सरळ रस्ते, मोजकी वळणं. त्या दिवशी रिकार्डो पहिला आला. नॉरिस दुसरा.

असा एक दिवस मधे येतो म्हणून मला हे आकडे कुणाची लायकी सांगतात असं वाटत नाही. जुळवून घेणं हा माणसाच्या उंचीसारखा कायमचा मोजून ठेवलेला गुण असता, तर 2014 मध्ये ज्याच्याकडे तो होता, त्याच्याकडे 2021 मध्येही असता. ते माणसात एकट्यात नसतं. गाडीतही एकटीत नसतं. दोघांची भेट होते तिथे ते असतं किंवा नसतं.

श्वास आत. श्वास बाहेर.

तळहात अजून टेकलेले आहेत ना?

एक कठीण गोष्ट पाहायची आहे. डोळे मिटायचे असतील तर मिटा.

संघात दोघं. त्यातला एक जास्त वेगवान. गाडीचा पुढचा नवा भाग बनवायचा आहे. तो कुणाच्या म्हणण्याप्रमाणे बनेल?

साहजिक आहे. गुण जो आणतो त्याच्या.

मग गाडी त्याच्या हाताकडे एक पाऊल जाते. दुसऱ्याच्या हातापासून तेवढीच दूर. पुढच्या महिन्यात आणखी एक पाऊल. यात कुणाचा दुष्टपणा नाही. प्रत्येक पाऊल शहाणपणाचंच असतं. पण दुसऱ्याचा रस्ता लांबत जातो.

रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टॅपनला पुढची चाकं तीक्ष्ण लागतात. मागचा भाग हलता असला तरी तो निवांत असतो. त्याच्या शेजारच्या गाडीत गेल्या काही वर्षांत एकामागून एक चांगले ड्रायव्हर बसले आणि उतरले. 2025 च्या हंगामात लियाम लॉसन आला. हंगामाआधीच्या सरावाला सगळे मिळून तीन दिवस, आणि त्या दिवसांत संघाला एकच गाडी. ती दोघांत वाटून.

दोन शर्यती झाल्या. त्याला खाली उतरवलं.

दोन शर्यती. हात बसायला दोन शर्यती.

मला हे पटत नाही. चाकणच्या कुठल्याही कारखान्यात नव्या मुलाला मशीनवर उभं केलं की मुरलेला ऑपरेटर सांगतो, राहू दे, बसेल हात. त्या चार शब्दांत जेवढी समज आहे, तेवढी शर्यतीच्या त्या झगमगत्या आवारात त्या दिवशी नव्हती.

मनात काही उसळलं असेल तर उसळू द्या. ते खाली बसेपर्यंत तळहातांकडे पाहत राहा.

आता परत घराकडे वळू.

फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत. 2014 मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून महिंद्रांचा संघ तिच्यात आहे. संघाची कार्यशाळा इंग्लंडमध्ये. पण बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या महिंद्रांच्या विजेवरच्या गाड्या बनतात त्या चाकणलाच.

2022-23 च्या हंगामात नव्या पिढीची गाडी आली. तिच्याकडे जवळून पाहा.

मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेकच नाहीत. वेग उतरवायचं काम तिथे मोटर करते, आणि उतरलेल्या वेगाची वीज होऊन बॅटरीत जाते. ड्रायव्हर पेडल दाबतो. पुढच्या चाकांना किती, मागच्यांना किती, हे संगणक ठरवतो. बॅटरी भरलेली असताना वेगळं, अर्धी असताना वेगळं.

टायर कठीण. पकड बेताची. शहराचे रस्ते. इंजिनचा आवाज नाही.

इतकं शांत यंत्र. त्यात पाऊल काय ऐकत असेल?

तुमचं डावं पाऊल पुन्हा टेकवा. दाबा, आणि जमीन उलट किती दाबते ते ऐका. जमीन रोज तीच आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. ती दर फेरीला थोडी बदलती असती तर?

जानेवारी 2023, मेक्सिको. महिंद्रांच्या गाडीत लुकास डी ग्रासी. सगळ्यांच्या पुढून सुरुवात केली, तिसरा आला. त्याचा संघातला जोडीदार ऑलिव्हर रोलंड. फेब्रुवारीत हैदराबादला, हुसेन सागराच्या काठाने शर्यत झाली. त्याच महिन्यात केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनची शंका आली, आणि संघाने दोन्ही गाड्या मागे घेतल्या.

मागचं सस्पेन्शन. म्हणजे मागचे दोन तळहात. तिथे भरवसा नाही म्हटल्यावर पुढे जायचं नाही. हा निर्णय मला नेहमी आदराचा वाटतो.

मे महिन्यात रोलंड संघ सोडून गेला. पुढच्या हंगामात निस्सानच्या गाडीत बसला.

त्याच वर्षी आणखी एक माणूस गाडीतून उतरला. निक डी व्रीस. फॉर्म्युला ईचा माजी जगज्जेता, फॉर्म्युला वनमध्ये अल्फाटॉरीच्या गाडीत. दहा शर्यतींनंतर त्याला थांबवलं. त्याच्या जागी कोण आला? रिकार्डो.

डी व्रीस 2024 मध्ये महिंद्रांकडे आला.

पाहा कसे हात गाड्यांवरून फिरतायत. एक उतरतो, एक बसतो. सीट पुढे घेतो. आरसा वळवतो.

3 मे 2025, मोनॅको. समुद्राकाठचे अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. निकालात पहिला ऑलिव्हर रोलंड, निस्सानमध्ये. दुसरा निक डी व्रीस, महिंद्रांच्या गाडीत. त्या हंगामाचा जगज्जेताही रोलंडच झाला.

त्याच्या दोन वर्षं आधी हे दोघंही आपापल्या गाडीत बसेनासे झाले होते. दोघांनीही मधे काही नवीन धाडस अंगी आणलं असं मला वाटत नाही. धाडस आधीही होतं.

थोडा वेळ काहीच करू नका.

तळहात. भार. श्वास.

आपल्याकडचं एक उदाहरण मनात येतं. पुण्याच्या डायना पुंडोले. 2024 मध्ये राष्ट्रीय कार शर्यतींत सलून गटाचं अजिंक्यपद त्यांनी मिळवलं. भारतात हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ती गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. तिथून त्या फेरारी 296 चॅलेंजकडे गेल्या. इंजिन पाठीमागे, ताकद मागच्या चाकांना. जे पाऊल पहिल्या गाडीत उचललं की गाडी सावरायची, तेच पाऊल दुसऱ्या गाडीत तसंच उचललं की ती गिरकी घेऊ शकते. एकाच माणसाच्या अंगात दोन्ही पावलं राहायला हवीत, आणि वेळेला नेमकं एकच बाहेर यायला हवं.

ही मेहनत बाहेरून दिसत नाही. म्हणून ती पाहायला असं बसावं लागतं.

आता शेवटचं एक दृश्य. यात धावणं नाही.

सराव संपलाय. गाड्या उभ्या आहेत. टायरवर रबराचे गोळे चिकटलेत. तापलेल्या ब्रेकचा वास आहे. दोघं जोडीदार हेल्मेट काढून एका लांब टेबलाशी येतात. कपाळावर हेल्मेटचा वळ. पाण्याची बाटली.

इंजिनिअर पहिल्याला विचारतो, गाडी काय करतेय?

तो म्हणतो, आत शिरताना मागून हलकी वाटते. भरवसा येत नाही.

दुसऱ्याला विचारतो. तो म्हणतो, मागून ठीक आहे. पुढून वळत नाही.

दोघांच्या गाड्यांच्या स्प्रिंग त्याच. टायरमधली हवा तीच. दोघंही खरं बोलतायत.

इंजिनिअरला इथे घाई करता येते. जास्त वेगवान माणसाचं लिहून घ्यायचं आणि उठायचं. तो उठत नाही. आलेखावर बोट ठेवतो. पहिल्याच्या पावलाची रेघ उभी चढते आणि उभी उतरते. दुसऱ्याची उतरताना लांब उतार घेते. म्हणजे पहिला पाऊल एकदम दाबतो आणि एकदम सोडतो, भार झटक्यात पुढे धडकतो आणि मग झटक्यात मागे जातो. दुसरा भार पुढच्या चाकांवर जरा जास्तच वेळ धरून ठेवतो. ती थकतात, आणि मग वळत नाहीत.

एकाच घडणीच्या गाडीकडून दोघांना दोन उत्तरं आली, कारण दोघांनी तिला दोन प्रश्न विचारले.

तो पहिल्याच्या गाडीचा मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी, एक खाच मऊ करायला सांगतो. दुसऱ्याच्या गाडीला हात लावत नाही. त्याला एवढंच सांगतो, पुढच्या फेरीत तिसऱ्या वळणाला ब्रेक थोडा आधी सोडून बघ.

दोघं हातमोजे चढवतात.